तुकडा किती मोठा हवा? आयएलडीच्या एका रुग्णाचे बायोप्सी-प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांच्या बाई. आयुष्यभर लेखा विभागात टेबलावरचे काम, धूम्रपान कधीच नाही. १४ महिन्यांपासून कोरडा खोकला आणि गेल्या सहा महिन्यांत जिना चढताना धाप. आधी दम्याचे पंप झाले, मग पित्ताच्या गोळ्या झाल्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्सही झाले. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, श्वास आत घेताना, वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा आवाज. या आवाजाची नोंद आधीच्या एकाही कागदावर नव्हती.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, कुणा एका व्यक्तीची ही नोंद नव्हे. पण यातला एकही टप्पा नवलाचा नाही; आयएलडी, म्हणजे फुफ्फुसाच्या ऊतीत दाह आणि व्रण करणाऱ्या आजारांचा गट, पाहणाऱ्या प्रत्येकाला तो ओळखीचा वाटेल.

एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडता येणारी हवा) अपेक्षित मूल्याच्या ७१ टक्के, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ५२ टक्के. सहा मिनिटांत ४१० मीटर चालल्या, पण बसल्या जागी ९६ असलेला ऑक्सिजन ८९ वर उतरला. इकोमध्ये फुफ्फुसाच्या धमनीचा दाब वाढलेला नव्हता. ही शेवटची ओळ पुढे फार कामाची ठरणार होती.

एचआरसीटीने, म्हणजे फुफ्फुसाच्या बारीक कापांच्या सीटीने, मात्र कोडे घातले. जाळीदार रेषा होत्या, ताणामुळे रुंदावलेल्या श्वासनलिका होत्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे नव्हते. आजार फक्त तळाशी आणि कडेला असता तर विषय सोपा होता. इथे तो मध्यभागातही पसरला होता. श्वास सोडून काढलेल्या चित्रांत काही लोब्यूल (फुफ्फुसाचे छोटे घटक) काळे राहिले होते, म्हणजे तिथली हवा बाहेर पडत नव्हती. रेडिओलॉजिस्टने लिहिले: ‘यूआयपीबाबत अनिश्चित, फायब्रोटिक एचपीची शक्यता’. यूआयपी ही व्रणांची एक ठरावीक नक्षी, आयपीएफ या आजाराची ओळख; फायब्रोटिक म्हणजे व्रण धरलेले.

एचपी, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, हे श्वासावाटे जाणाऱ्या एखाद्या गोष्टीला फुफ्फुसाने दिलेले दीर्घ प्रत्युत्तर. म्हणून चौकशी पुन्हा पहिल्यापासून केली. पक्षी? नाहीत. पिसांच्या उशा? नाहीत. बुरशी? बराच वेळ ‘नाही’, मग आठवले की अडगळीच्या खोलीची एक भिंत दोन-तीन वर्षांपासून ओल धरते. आठवड्यातून दोनदा त्या तिथे जात. एवढ्यावर एचपी म्हणता येते का? येत नाही. सोडून देता येते का? तेही नाही. एचपीच्या कितीतरी रुग्णांत कारण कधीच हाती लागत नाही, आणि ओली भिंत तर पुष्कळ धडधाकट लोकांच्या घरातही असते.

संधिवाताच्या गटातल्या अँटिबॉडी, मायोसायटिस (स्नायूंचा दाह) पॅनेलसह, अर्थपूर्ण पातळीवर पॉझिटिव्ह नव्हत्या. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुस धुतलेले पाणी तपासले: लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १८ टक्के. निरोगी माणसात हा आकडा साधारण १५ च्या आत असतो आणि ३० च्या वर गेला तर एचपीचे पारडे जड होते. १८ म्हणजे ना इकडे ना तिकडे.

पहिली बैठक

छातीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ एकत्र बसले. मतांची विभागणी आयपीएफ (कारण न सापडता फुफ्फुसात व्रण वाढत जाणारा आजार) आणि फायब्रोटिक एचपी यांत झाली. आयएलडीच्या बैठकीत निदानाबरोबर खात्रीही सांगायची असते: ९० टक्के किंवा जास्त असेल तर निदान पक्के, ७० ते ८९ असेल तर कामचलाऊ पण भरवशाचे, ५१ ते ६९ असेल तर कामचलाऊ आणि डळमळीत, त्याखाली वर्गीकरणच होत नाही. आमचा सूर ‘एचपी, ५५ टक्क्यांच्या आसपास’ असा होता.

नावावरून एवढा काथ्याकूट का? औषधासाठी. एचपीत, विशेषतः दाह शिल्लक असेल तर, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. आयपीएफमध्ये तेच घातक ठरू शकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पँथर चाचणीत प्रेडनिसोलोनच्या कुळातले स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन या तिकडीने आयपीएफच्या रुग्णांत मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण वाढवले, म्हणून तो गट मध्येच थांबवावा लागला. त्याआधी कित्येक वर्षे हाच नेहमीचा उपचार होता.

बायोप्सीचा विषय निघाला तेव्हा पद्धतीआधी एक कागद घेतला. यूआयपी आले तर काय देणार? एचपी आले तर? एनएसआयपी (यूआयपीहून वेगळी, सगळीकडे एकसारखी नक्षी) आले तर? काहीच धड आले नाही तर? पहिल्या तिन्ही प्रश्नांपुढे वेगवेगळी औषधे लिहिली गेली, तेव्हाच तुकडा काढण्यात अर्थ आहे असे ठरले. हा कागद मला कुठल्याही तपासणीइतका महत्त्वाचा वाटतो. सीटीवर यूआयपीचे ठसठशीत चित्र असते तर बायोप्सीचा प्रश्नच नव्हता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनंतर ‘बहुधा यूआयपी’ असलेल्या बहुतेकांनाही तिची गरज पडत नाही. आणि बाईंचा डीएलसीओ ३० असता, तर गरज असूनही आम्ही हात आखडता घेतला असता.

कोणत्या वाटेने

ब्रॉन्कोस्कोपीतून नेहमीच्या चिमट्याने तुकडे घेणे सर्वांत सोपे. भूल नाममात्र, रुग्ण त्याच दिवशी घरी. तुकडा एक ते तीन मिलिमीटरचा, तोही चिमट्यात चेपलेला. सारकॉइडोसिस, श्वासनलिकेभोवती पसरलेला कर्करोग, काही संसर्ग यांत तेवढा पुरतो, कारण ते आजार श्वासनलिकेला लागूनच असतात आणि एक कणिकाही बोलकी ठरते. यूआयपी ओळखायला मात्र नक्षी दिसावी लागते: इथे घट्ट व्रण, शेजारी जवळपास निरोगी फुफ्फुस, मध्ये फायब्रोब्लास्टचे (व्रणाची ऊती बनवणाऱ्या पेशींचे) कोवळे पुंजके. गालिच्याचा एक धागा पाहून वीण सांगता येत नाही. अशा चिमटीभर तुकड्यावर १९० जनुकांच्या आधारे यूआयपी ओळखणारी एक जनुकीय चाचणीही निघाली आहे. २०२२ च्या मार्गदर्शिकेने तिच्या बाजूने किंवा विरुद्ध कौल दिला नाही. आमच्या कोड्यात तिने ‘यूआयपी आहे’ म्हटले असते तरी एचपी बाद झाले नसते, कारण फायब्रोटिक एचपीही पुष्कळदा यूआयपीचा मुखवटा घालून येते.

दुसरे टोक म्हणजे शस्त्रक्रिया. व्हॅट्स, म्हणजे छातीला दोन-तीन छिद्रे पाडून दुर्बिणीतून, दोन किंवा तीन लोबमधून (फुफ्फुसाच्या मोठ्या भागांतून) काही सेंटिमीटरचे पाचरीसारखे तुकडे. प्ल्यूरासकट (फुफ्फुसावरच्या आवरणासकट) सगळी रचना शाबूत मिळते. निदान साधारण दहापैकी नऊ जणांत होते आणि वर्षानुवर्षे याच पद्धतीला प्रमाण मानले गेले. किंमत अशी की पूर्ण भूल द्यावी लागते, एक फुफ्फुस मिटवून दुसऱ्यावर श्वास चालवावा लागतो, नंतर छातीत नळी आणि काही दिवस मुक्काम. आधीच ताठरलेल्या फुफ्फुसात या ताणाने आजार अचानक भडकू शकतो. अमेरिकेतल्या २००० ते २०११ या काळातल्या नोंदींत, आधी ठरवून केलेल्या अशा बायोप्सीनंतर रुग्णालयातच मृत्यू येण्याचे प्रमाण १.७ टक्के होते. तातडीने केलेल्यांत ते १६ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की व्हेंटिलेटरच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाचा तुकडा काढण्याचा उत्साह आपोआप ओसरतो.

मधली वाट क्रायोबायोप्सीची, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपमधून बारीक प्रोब घालून, गोठवून तुकडा काढण्याची. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रस ऑक्साइड प्रोबच्या टोकाशी बारीक छिद्रातून सुटला की प्रसरण पावून थंड होतो आणि टोक उणे ७० अंशांच्याही खाली जाते. भोवतालचे फुफ्फुस काही सेकंदांत त्याला चिकटते आणि हिसका देऊन ओढले की गोठलेला गोळा सुटून येतो. तो ५ मिलिमीटर किंवा मोठा, न चेपलेला. तो ब्रॉन्कोस्कोपच्या नळीत मावत नाही, म्हणून प्रोब आणि स्कोप दोन्ही एकदम बाहेर काढावे लागतात. धोक्याचे मूळ नेमके इथे आहे: आत रक्त वाहायला लागते त्या क्षणी पाहणारा डोळा बाहेर असतो. म्हणून त्या श्वासनलिकेत आधीच फुग्याचा ब्लॉकर बसवून ठेवतात आणि स्कोप बाहेर येताच फुगा फुगवतात. ब्लॉकर नाही तर क्रायो नाही, यात तडजोड करू नये.

२०२२ च्या मार्गदर्शिकेने अनुभवी केंद्रांत क्रायोला शस्त्रक्रियेचा स्वीकारार्ह पर्याय मानले, तेही सशर्त. निदान साधारण ८० टक्क्यांत, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा साठणे) दहातल्या एखाद्याला, थोडाफार रक्तस्राव बऱ्याच जणांत, गंभीर रक्तस्राव क्वचित.

दोन अभ्यास, दोन निकाल

एकाच माणसाचे दोन्ही पद्धतींनी तुकडे घेतले तर उत्तर तेच येते का? २०१९ च्या क्रायो-पिड अभ्यासात २१ रुग्णांची दोन्ही पद्धतींनी बायोप्सी झाली आणि पॅथॉलॉजिस्टला कोणता तुकडा कुणाचा हे माहीत नव्हते. निदान जुळले फक्त ८ जणांत. क्रायोच्या समर्थकांना थंडी वाजावी असा हा निकाल. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला कोल्डाइस आला: ६५ रुग्ण, ऊतीच्या पातळीवर सुमारे ७१ टक्के जुळणी, बैठकीतल्या अंतिम निदानात सुमारे ७७ टक्के.

कुणाचे खरे? कोल्डाइसचे पुढचे आकडे पाहिले की भांडण बरेचसे मिटते. क्रायोनंतर बैठकीला ज्या ३९ जणांत भक्कम खात्री वाटली, त्यांतल्या ३७ जणांत शस्त्रक्रियेनेही तेच सांगितले. उरलेल्या २६ जणांत, जिथे क्रायोनंतरही शंका होती, शस्त्रक्रियेने निराळे आणि खात्रीचे निदान दिले ते फक्त ६ जणांत. क्रायोचे उत्तर ठाम आले तर त्यावर उभे राहता येते. डळमळीत आले तर ते डळमळीत म्हणूनच धरावे, आणि शस्त्रक्रियेनेही बहुतेकदा ढग हटत नाहीत.

शस्त्रक्रियेचा तुकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, ही समजूतही तपासून पाहावी. मोठ्या तुकड्यांवरही अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होत नाही. मिशिगन विद्यापीठातून २००१ साली आलेल्या अभ्यासात एकाच रुग्णाच्या एका लोबमध्ये यूआयपी आणि दुसऱ्यात एनएसआयपी सापडले होते, आणि अशा रुग्णांचे पुढचे आयुष्य यूआयपीच्या वळणाने गेले. फूटपट्टीच वाकडी असेल तर कापडाला किती दोष द्यायचा?

२०२४ साली नेदरलँड्समधून आलेल्या ५५ रुग्णांच्या चाचणीने प्रश्न व्यवहाराच्या बाजूने विचारला: आधी क्रायो, नाही जमले तरच शस्त्रक्रिया, की थेट शस्त्रक्रिया? शेवटी निदान होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे, पण मुक्काम पहिल्या गटात साधारण एक दिवस आणि दुसऱ्यात पाच. चाचणी छोटी आहे, तरी आमच्यापुढच्या प्रश्नाशी नेमकी जुळणारी.

बाईंसाठी क्रायो ठरले. डीएलसीओ ५२ म्हणजे बऱ्याच केंद्रांनी आखलेल्या ३५ ते ४० च्या रेषेच्या बराच वर, धमनीचा दाब ठीक, प्लेटलेट पुरेसे, रक्त पातळ करणारे औषध नाही. क्लोपिडोग्रेल चालू असते तर ते आधी थांबवावे लागले असते. संमतीच्या वेळी त्यांनी विचारले, “डॉक्टर, तुकडा काढल्यानं आजार पसरतो म्हणतात, खरं का?” पसरत नाही, हे सांगितले, पण आजार भडकण्याची लहानशी शक्यता असते, तीही सांगितली. मुलगी म्हणाली, “मग मोठं ऑपरेशन करून एकदाचं नक्की कळूनच का नाही घेत?” हा प्रश्न अगदी योग्य होता. नक्की कळण्याची हमी तिथेही नाही, हे पटवून द्यायला बराच वेळ लागला.

टेबलावर

पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी, उजव्या खालच्या लोबच्या तोंडाशी ब्लॉकर, वर फ्लोरोस्कोपी (चालता एक्सरे). सीटी पाहून जागा आधीच नक्की केल्या होत्या: जिथे सगळे व्रण झालेत ती टाळायची, कारण आजार जिथे विझला तिथे त्याची ओळखही पुसलेली असते, आणि जिथे काहीच नाही तीही टाळायची. प्रोब १.९ मिलिमीटरचा. प्ल्यूरापासून साधारण एक सेंटिमीटर आत. फार कडेला गेले तर फुफ्फुस फुटते, फार आत राहिले तर जाड रक्तवाहिनी हाताला लागते.

दोन सेगमेंटमधून चार तुकडे घेतले, प्रत्येक वेळी गोठवणे सहा सेकंदांच्या आसपास. तिसऱ्या तुकड्यानंतर बऱ्यापैकी रक्त आले. फुगा फुगवला, थंड सलाईन सोडले, काही मिनिटांत थांबले. त्या काही मिनिटांत खोलीत कुणी बोलत नाही. गोठलेले तुकडे प्रोबवरून ओढायचे नसतात. सलाईनमध्ये बुडवून आपोआप सुटू द्यायचे आणि मग फॉर्मलिनमध्ये टाकायचे. एवढा खटाटोप करून शेवटी चिमट्याने खेचून चेपले तर क्रायो केले कशाला?

दोन तासांनी एक्सरेत उजवीकडे हवेची बारीक रेघ दिसली. नळी लागली नाही. ऑक्सिजनवर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढले, रेघ वाढलेली नव्हती. घरी सोडले.

काचेखाली

चारपैकी एक तुकडा जवळपास सगळा श्वासनलिकेच्या भिंतीचा निघाला, म्हणजे वाया. उरलेल्या तिघांत लहान श्वासनलिकांभोवती केंद्रित झालेले व्रण आणि लिम्फोसाइट होते. एका तुकड्यात कडेकडचा व्रण आणि फायब्रोब्लास्टचे दोन पुंजकेही होते. एवढेच पाहिले असते तर यूआयपी म्हणायचा मोह झाला असता. पहिल्या कापांत एचपीकडे बोट दाखवणारा ग्रॅन्युलोमा (दाहपेशींची सूक्ष्म गाठ) नव्हता, म्हणून अहवाल ‘बहुधा फायब्रोटिक एचपी’ असा तयार होता.

पॅथॉलॉजिस्टने तो पाठवला नाही. ब्लॉक आणखी खोल कापायला दिला. तेव्हा एका लहान श्वासनलिकेशेजारी सैलसर बांधणीचा, मध्ये कुजका भाग नसलेला एक ग्रॅन्युलोमा सापडला. संसर्गासाठीचे रंग निगेटिव्ह आले. तुकडा लहान असला की काप जास्त घ्यावे लागतात, ही गोष्ट मागणीच्या कागदावर लिहिली तर दोन दिवस जास्त जातात, पण उत्तर बदलू शकते. इथे बदलले.

दुसऱ्या बैठकीत खात्री ८० टक्क्यांवर गेली: फायब्रोटिक एचपी, भरवशाचे कामचलाऊ निदान. पक्के नाही. एकाने शस्त्रक्रियेचा विषय काढला, कारण फायब्रोब्लास्टचे पुंजके त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. आधीचा कागद पुन्हा काढला. ८० चे ९५ झाले तरी औषध तेच राहणार होते, म्हणून विषय तिथेच संपला.

अडगळीच्या खोलीची भिंत दुरुस्त झाली, बाईंनी तिथे जाणे थांबवले. प्रेडनिसोलोन कमी करत आणले, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफिनोलेट. चार महिन्यांत खोकला निम्म्याने कमी, एफव्हीसी ७३. भिंतीमुळे की औषधामुळे, हे सांगता येत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केले होते, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

बायोप्सीनंतर १५ महिन्यांनी पुन्हा धाप वाढली. एफव्हीसी ६४, सीटीवर रुंदावलेल्या श्वासनलिका वाढलेल्या. लक्षणे आणि सीटी दोन्हीकडे वाढ, एफव्हीसीतली वर्षभरातली घसरणही पाच टक्के गुणांहून जास्त, म्हणजे ‘वाढत जाणारा फायब्रोसिस’ या चौकटीत आजार बसला. २०१९ च्या इनबिल्ड चाचणीत अशाच, आयपीएफ नसलेल्या रुग्णांत निंटेडॅनिबने एफव्हीसीची घसरण मंदावली होती. ते औषध सुरू केले. पहिले काही आठवडे जुलाबांनी हैराण केले, मात्रा कमी केल्यावर सोसले.

त्या दिवशी मुलीने जुना प्रश्न पुन्हा विचारला: “तेव्हाच मोठं ऑपरेशन केलं असतं तर?” कदाचित खात्री ९० च्या वर गेली असती. कदाचित दोन लोबमध्ये दोन नक्षी निघाल्या असत्या. निंटेडॅनिब मात्र दोन्ही बाजूंनी याच टप्प्यावर किंवा थोडे आधी आले असते. आणि आता? डीएलसीओ ३८ आला होता. फाईल सर्जनला दाखवली, त्याने इको नव्याने मागवला. धमनीचा दाब वाढायला लागला होता. त्याने फाईलवर एकच शब्द लिहून ती परत पाठवली: ‘नको’. ब्रॉन्कोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्यानेही त्याखाली सही केली.